जोडीतला एक बैल

श्रावण संपत आला की नागपुरातल्या काही रस्त्यांना ऑइलपेंटचा वास येऊ लागतो. फूटपाथवर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर लाकडी बैल येऊन उभे राहतात. चार पायांखाली चार चाकं, शिंगांना लाल रंग, पाठीवर झूल. पूर्वी ते वीतभर, फार तर हातभर उंच असायचे. आता माझ्या खांद्याला लागतील एवढे बैल निघालेत आणि त्यांच्या डोळ्यांत बॅटरीचे दिवे लुकलुकतात. परवा एका दुकानदारानं कौतुकानं बटण दाबून दाखवलं, तर तो बैल चक्क हंबरला. मी म्हटलं, बाबा रे, आता याला शेण तेवढं टाकायला शिकव, म्हणजे झालं.

पुण्या-मुंबईकडच्या लोकांना तान्हा पोळा समजावून सांगावा लागतो, आणि सांगता सांगता माझा आवाज उगीच चढतो. पोळा बैलांचा, हे त्यांना ठाऊक असतं. पण दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा असतो, लेकरं नटूनथटून आपापला लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघरी जातात, घरातली बाई बैलाच्या पायांवर पाणी घालते, बैलाला आणि लेकराला कुंकू लावून ओवाळते आणि हातावर काहीतरी ठेवते, त्या ठेवण्याला बोजारा म्हणतात, हे सगळं ऐकून ते 'अरे वा' म्हणतात. त्या 'अरे वा'मध्ये काही दम नसतो. त्यांचं तरी काय चुकलं? दारात उभं राहून ज्यानं बोजारा घेतला नाही, त्याला ते कळायचं नाही.

माझे बाबा सुतार होते. सावनेरकडच्या एका खेड्यातून ते तरुणपणीच नागपूरला आले. वावर थोडं, भाऊ पाच. वाटण्या झाल्या तेव्हा यांच्या वाट्याला आलं ते बांधावरचं बाभळीचं झाड आणि आजोबांची हत्यारं. झाड सोडून हत्यारं घेऊन ते आले आणि शहराच्या जुन्या महाल भागात एका भाड्याच्या खोलीपुढं त्यांनी आपलं दुकान मांडलं. वर्षभर दारं, चौकटी, खाटा. श्रावण लागला की मात्र दारं-चौकटींचं काम बंद आणि फक्त बैल. पन्नास-पंचावन्नच्या सुमाराचा तो श्रावण माझ्या नाकात अजून आहे. सागाच्या भुशाचा कोरडा वास, लाकूड चिकटवायला चुलीवर रटरटणाऱ्या सरसाचा उग्र वास, ओल्या भिंतीचा वास, आणि या सगळ्यावर रंगाचा. आम्हा भावंडांना चाकं घासायचं काम असे. पॉलिश पेपरनं बोटांची टोकं इतकी गुळगुळीत होत की शाळेत पाटीवर पेन्सिल धरता येत नसे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खेड्यात बैलांचे खांदे शेकतात. जू घासून घासून जिथं घट्टे पडलेले असतात, तिथं पळसाच्या पानानं लोणी आणि हळद लावतात आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्याकडं ना वावर होतं ना बैल. पण बाबा विकायचे राहिलेले बैल ओळीनं मांडत, हात धुऊन बसत आणि एकेकाच्या लाकडी खांद्यावर लोणी-हळद लावून प्रत्येकाला वेगळं आवतन देत. आईचा त्या लोण्यासाठी जीव तुटे.

"लाकडाले कायचं आवतन देऊन राहिले जी? जेवाले येनार हायेत का थे?"

"वावर नाई राह्यलं, म्हून रीतबी सोडू का?" बाबा मान वर न करता म्हणत.

आई लोण्याची वाटी उचलून आत नेई. तोवर सगळ्यांना आवतन देऊन झालेलं असे.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमचं कॅनडाला जायचं ठरलं. माझे यजमान, म्हणजे हे, लेथवरचे कारागीर. तिकडं हॅमिल्टन नावाच्या पोलादाच्या गावात अशा माणसांची मागणी होती. आमची मिनू तेव्हा सहा वर्षांची. निघायच्या आठवडाभर आधी बाबांनी मिनूसाठी एक जोडी घडवली. जुन्या सागाची, वीतभर उंच, रंग न लावलेली, नुसतं तेल पाजलेली. एकाची मान जराशी डावीकडं, दुसऱ्याची उजवीकडं. शेजारी उभे केले की एकमेकांकडं बघतात. सामान बांधताना मी दोन्ही बैल लुगड्यात गुंडाळायला घेतले, तर बाबांनी एक काढून घेतला.

"जोडी काहून फोडता बाबा?" मी विचारलं.

"दोन्ही नेले त परत कायले येशीन?" ते म्हणाले. "एक तुह्यापाशी, एक माह्यापाशी. पोळ्याले ये, आन् जोडी लाव."

"पुढच्या पोळ्याला नक्की येते बाबा," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान त्याला ठाऊक तरी असतं. मला तेही ठाऊक नव्हतं.

नवा देश कसा होता म्हणून लोक विचारतात, तेव्हा त्यांना बर्फाबद्दल ऐकायचं असतं. बर्फाचं काही नाही, स्वेटर घातला की भागतं. मला खाल्लं ते बंद दारांनी. आमच्या महालात दार लावायचं ते रात्री. दिवसभर शेजारपाजारच्या बायका, लेकरं, मांजरं, सगळ्यांचा त्यावर हक्क. इथं दाराला सुंदर पितळी बेल होती आणि ती वाजवायला कुणी नव्हतं. साडेतीन महिन्यांत एकदाच वाजली, तीही एका माणसाला घर चुकलं म्हणून. त्यालासुद्धा मी 'या, बसा' म्हणाले होते. समोरून येणारी माणसं हसायची, मान डोलवायची, हवा चांगली आहे म्हणायची आणि पुढं जायची. ती वाईट नव्हती. पण नुसत्या चांगल्या हवेवर माणूस किती दिवस काढणार?

ऑगस्टच्या शेवटी पोळा आला. आदल्या संध्याकाळी मी बैल ओट्यावर उभा केला. लोणी म्हणून पुड्यातलं मीठ घातलेलं बटर, पळसाच्या पानाऐवजी पत्ताकोबीचं पान. हळद मात्र आपली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं म्हणताना मला हसू आलं, कारण आईच दिसली वाटी उचलताना. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी केली. चण्याची डाळ कुठं मिळते ते ठाऊक नव्हतं, म्हणून पिवळ्या वाटाण्यांची. तिघांनी खाल्ली. तान्ह्या पोळ्याला मी दार उघडं टाकून बसले. संध्याकाळपर्यंत एक माशी तेवढी आत आली.

मिनू शाळेत जाऊ लागली आणि तिनं तोंड मिटलं. घरी बोलायची, तेही हळू. शाळेत अक्षर नाही. मास्तरीणबाईंनी चिठ्ठी पाठवली, यांनी ती वाचून दाखवली: मुलगी ऐकते, समजतेही, पण महिनाभरात तिचा आवाज आम्ही ऐकलेला नाही. महालात जिच्या आवाजानं दुपारी कुणाला डोळा लागत नसे, ती ही पोरगी! एक दिवस मला म्हणाली, "आई, मला घ्यायला येतेस ना, तर लांब थांबत जा. साडी दिसते." मी बरं म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या झाडामागं उभी राहू लागले. त्याच आठवड्यात मी यांना सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघते. नाही तर मिनूला घेऊन मी नागपूरला जाते. तुम्ही राहा इथं लोखंड कापत." हे गरीब माणूस. एवढंच म्हणाले, तिकिटांची चौकशी करतो.

दिवाळी आली तशी गेली. मी सवयीनं चाळीस करंज्या केल्या होत्या. दहा घरी ताटं पाठवायची सवय हाताला असते, हात काही देश बघत नाही. डबा भरलेला तसाच. पाच दिवस उलटले. त्या संध्याकाळी हे कामावरून आले की तिकिटांचं पक्कं सांगायचं, असं मनाशी ठरवून मी भाजी चिरत होते. मिनू खिडकीशी बैल मांडीवर घेऊन बसली होती. त्या संध्याकाळी काय असतं ते सांगणारा शाळेचा कागद तिनं मला दाखवलाच नव्हता, हे पुढं कळलं. आणि बेल वाजली.

दार उघडलं, तर चार लेकरं. एकानं पांढरी चादर पांघरून डोळ्यांपुरती भोकं पाडलेली, एकीच्या डोक्यावर काळी टोकदार टोपी, दोघांच्या तोंडावर मुखवटे. हातात पिशव्या. चौघं एका सुरात काहीतरी ओरडली. मला शब्द कळले नाहीत, पण गोष्ट कळली. नटलेली लेकरं, संध्याकाळची वेळ, घरोघरी जाणं, पसरलेली पिशवी. अगं बाई, तान्हा पोळा!

"थांबा हं," मी मराठीतच म्हटलं आणि आत पळाले. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता. तांब्याभर पाणी. डबा काखेत. बाहेर आले तर लेकरं तशीच उभी. मी तांब्या घेऊन वाकले आणि बघते तर पाणी घालायला बैलच नाही. माझ्याजवळ होतं तेवढं इंग्रजी गोळा करून विचारलं, "व्हेअर इज युअर बुल?"

लेकरांनी एकमेकांकडं पाहिलं. चादरीतून गंभीर आवाज आला, "आय ॲम अ घोस्ट."

म्हटलं, असेल, यांच्यात रीत वेगळी असेल. भूत तर भूत. आपल्याकडं तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी इडापीडा घालवायला मारबत नावाच्या राक्षसिणीची पुतळी निघतेच की. मी भुताच्या चादरीला, जिथं कपाळ असावं तिथं कुंकू लावलं आणि ओवाळायला ताट वर केलं. तेवढ्यात फुटपाथवरून एक दांडगा माणूस "फायर! फायर!" करत धावत आला आणि त्यानं फुंकर मारून निरांजन विझवलं. तो त्या भुताचा बाप. चादरीपासून ज्योत चार बोटांवर होती, हे मला आता कळतं. पण तेव्हा भरल्या ताटातला दिवा विझवला म्हणून माझा पारा चढला. "लाज नाही वाटत? लेकराला ओवाळताना दिवा विझवतात?" मी शुद्ध मराठीत त्याला झापला. तो बिचारा हात वर करून मागं सरकला, आणि मला एकदम कळलं की मी काहीतरी भयंकर केलंय. चारही लेकरं त्याच्यामागं लपली. माझ्या हातात विझलेला दिवा.

तेव्हा माझ्या मागून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. मिनूचा. ती बैल घेऊन उंबऱ्यात आली आणि इंग्रजीत बोलू लागली. एक वाक्य, मग दुसरं, मग थांबेचना. ही माझी आई आहे, हा आमच्या आजोबांनी केलेला बैल आहे, आमच्या गावाला मुलं बैल घेऊन दारोदारी जातात, आणि आई दिवा ओवाळते तो कुणाला काही वाईट होऊ नये म्हणून. मला निम्मंच कळलं. पण माझी पोरगी बोलत होती. मी ताट हातात घेऊन तिथंच रडायला लागले, आणि त्या दांडग्या माणसाला वाटलं, त्याच्यामुळं. त्यानं खिशातून काडेपेटी काढून निरांजन स्वतः पेटवून दिलं. मग पोराची चादर मागं धरून उभा राहिला आणि म्हणाला, आता करा.

मी केलं. चौघांना कुंकू, चौघांना करंजी. बैलाच्या पायांवर पाणी. ती गेली आणि पाच मिनिटांत दुसरी आली. कुणीतरी गल्लीत जाऊन सांगितलं असणार. त्या संध्याकाळी ती पितळी बेल इतकी वाजली की शेवटी मी दार उघडंच ठेवलं. शेजारच्या म्हाताऱ्या इटालियन बाई, ज्यांनी आजवर फक्त हवेबद्दल सांगितलं होतं, त्या नातवंडासोबत आल्या. नातवाला कुंकू लावल्यावर त्यांनी आपलंही कपाळ पुढं केलं. मिनूनं बैलाला दोरी बांधली आणि भुतासोबत निघाली. तासाभरानं परतली ती गाल लाल, पिशवी भरलेली. "आई, सगळ्यांनी बैलाला पण वेगळं दिलं," असं ती गल्लीच्या टोकापासून ओरडत आली. तो महालातला आवाज होता.

हे कामावरून आले, तर दारात ओळ. "काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं. "तान्हा पोळा," मी म्हटलं. डब्यात एकच करंजी उरली होती, ती त्यांच्या हातावर ठेवली. तिकिटांचं त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. मग ते कुणीच काढलं नाही.

मी बाबांना चार पानी पत्र लिहिलं. भूत, चादर, दिवा, सगळं. मला वाटलं, वाचून हसतील. महिन्याभरानं दादाच्या अक्षरात उत्तर आलं, बाबांनी सांगितलेलं, त्यांच्याच शब्दांत. "तिकडंबी तान्हा पोळा असते हे आयकून बरं वाटलं. म्हंजे आता तुहं मन रमीन. बैल इतं उभा हाय. घाई नाई." मी ते वाचून खूश झाले होते. 'घाई नाई' या दोन शब्दांत माणसानं काय गिळलं असेल, ते कळायला मला स्वतः म्हातारी व्हावं लागलं.

पोळा ऑगस्टच्या शेवटी, नाही तर सप्टेंबरात. तिकडं नेमक्या त्याच वेळी शाळा उघडतात. पहिल्या वर्षी मिनूचं नवं वर्ष, दुसऱ्या वर्षी यांची पाळी बदलली, तिसऱ्या वर्षी आणखी काही. सत्त्याहत्तरमध्ये एकदा आलो, ते नाताळच्या सुट्टीत. बाबांचा बैल फळीवर होता. मी आपला आणला नव्हता. सामानात बाकी बरंच काही होतं, नातेवाइकांसाठी साबणं, पेनं, टॉफ्या. बाबांनी फक्त एवढं विचारलं, "त्याले वाळवी त नाई लागली ना वं?" मी नाही म्हटलं. प्रत्येक श्रावणात पत्र यायचं, शेवटची ओळ ठरलेली: आवतन घे, जेवाले ये. आणि मी प्रत्येक वर्षी लिहायची, पुढच्या वर्षी नक्की. एक्याऐंशीच्या पौषात तार आली. तारेत आवतन नव्हतं.

पुढं कधीतरी दादानं सांगितलं. आम्ही गेल्यापासून दर तान्ह्या पोळ्याला बाबा स्वतः तो एकटा बैल घेऊन निघायचे. सत्तरीचा माणूस, धुवट धोतर, डोक्यावर टोपी, लेकरांच्या ओळीत उभा. मोहल्ल्यातली माणसं गंमत करायची, "कारागीर, जोडी कुठी हाय?" आणि बाबा सांगायचे, "जोडी कॅनडात चरून राहिली. येईन."

आठ वर्षं ते जोडी येईल म्हणून सांगत होते. मला कुणी कळवलं नाही, कारण बाबांनी कळवू नका म्हणून बजावलं होतं. ज्या संध्याकाळी परक्या देशानं मला उघडं दार दिलं, त्याच संध्याकाळी महालातल्या एका दाराशी बाबांचं वाट बघणं कायमचं लांबलं. दोन्ही एकाच वेळी झालं आणि मला एकच दिसलं. त्या संध्याकाळबद्दल मला पश्चात्ताप नाही. मिनूचा आवाज मी कशाच्याही बदल्यात परत दिला नसता. पण बाबांची आठवण आली की ती आठ वर्षं मी अजून बोटांवर मोजते.

हे गेल्यावर मी कायमची नागपूरला आले. रामदासपेठेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. याच भागातल्या बंगल्यांत बाबा दारं बसवायला यायचे. दादाकडचा बैल मी मागून आणला. माझा बैल तिकडंच आहे, मिनूच्या घरी. निघताना तिनं तो माझ्या बॅगेत ठेवला होता, मीच काढून तिच्या हातात दिला. ती पन्नाशीची बाई आता शाळेत शिकवते आणि ऑक्टोबर संपताना तिकडची लेकरं भुताखेतांची सोंगं घेऊन खाऊ मागायला निघतात, त्या संध्याकाळी दारात कुंकवाचा करंडा घेऊन उभी राहते. निरांजन मात्र विजेचं.

परवा पोळ्याची आदली संध्याकाळ होती. मी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावली आणि मिनूला फोन केला. तिकडं सकाळ, तिची शाळेला निघायची घाई. मी म्हटलं, "आवतन घे, जेवायला ये."

"आई, शाळा याच आठवड्यात उघडतेय गं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी नक्की."

तिचा आवाज अगदी खरा होता. मी तो ओळखला. "काही घाई नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवून हात धुतले.

तान्ह्या पोळ्याला आमच्या इमारतीतली लेकरं खाली जमतात. दरवर्षी मी वर दारात ताट घेऊन त्यांची वाट बघते. या वर्षी काय वाटलं कोण जाणे, मी बैलाला दोरी बांधली, लिफ्टनं खाली उतरले आणि ओळीत जाऊन उभी राहिले. मागं तो हंबरणारा बैल, पुढं दिवे लुकलुकणारा. बायका हसल्या, एकीनं फोटो काढला. पुढची पोरगी, असेल सहा-सात वर्षांची, मागं वळून माझ्या बैलाकडं बघत राहिली. त्याची वळलेली मान तिला खटकली असावी.

"आजी, हा कुणाकडं बघतोय? याची जोडी कुठंय?"

मला उत्तर शोधावं लागलं नाही.

"जोडी कॅनडात चरून राहिली वं," मी म्हटलं. "येईन."